नायलॉनच्या फासातून सोडवणारे पाते

स्कुबा डायव्हरच्या जाकिटाला अडकवलेले पाते जाळे, दोर किंवा गळाची तंगूस कापून स्वतःला मोकळे करण्यासाठी असते. टाकीतली हवा मोजकी. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हवाही दुप्पट वेगाने संपते. जाळ्यात धडपड केली तर आणखी लवकर.

अडकवणारी वस्तू बहुतेक वेळा नायलॉनची असते. नागपूरकरांना तिची ओळख संक्रांतीच्या मांजामुळे आहे. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली. हाताने तुटत नाही आणि कुजत नाही, हे दोन्ही गुण मासेमारीच्या तंगुशीतही असतात. नायलॉनची घनता पाण्याच्या सुमारे 1.14 पट असल्याने तुटलेले, टाकून दिलेले जाळे तळाशी बसते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. नागपूरच्या फुटाळा, अंबाझरीसारख्या तलावांच्या गढूळ पाण्यात ते हात लागेपर्यंत दिसत नाही. अशा पाण्यात शोधकार्याला उतरणाऱ्याने कापण्याचे साधन आधी तपासावे आणि बाकीची सामग्री नंतर.

ताणलेला धागा चटकन कापला जातो, सैल धागा पात्यापुढून सरकतो. पाण्यात दुसरे टोक धरायला हात मोकळा नसतो. म्हणून तंगुशीसाठी लाइन कटर उत्तम: त्याच्या खाचेत धागा शिरतो, ओढताच ताण येतो आणि आत दडलेल्या धारेवर तुटतो. धार उघडी नसल्याने जाकीट वा हवेची नळी फाटत नाही. गुंत्याचा झुबका किंवा बारीक तार असेल, तर प्रथमोपचारातली बोथट टोकाची कात्री घ्यावी. तिची दोन पाती एकमेकींना आधार देतात. जाड दोराला दातेरी सुरी लागते. अणकुचीदार मोठा खंजीर दिसायला रुबाबदार, पण न दिसणाऱ्या पाण्यात तो स्वतःलाच लागण्याची भीती अधिक.

धातूची निवड पाण्यावर ठरते. स्टेनलेस पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच गंज रोखतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यातले क्लोराइड हा थर भेदते. 316 जातीचे पोलाद गंजाला चांगले तोंड देते, पण उष्णता देऊन ते कडक करता येत नाही, त्यामुळे त्याला धार टिकत नाही. 420 जातीला धार टिकते, गंज मात्र लवकर चढतो. विदर्भातल्या गोड्या पाण्यात 420 पुरेसे आहे. मालवण-तारकर्लीला वारंवार जाणाऱ्याने टायटॅनियमचे पाते घ्यावे. ते गंजत नाही, फक्त धार जरा लवकर बोथटते. प्रशिक्षकाचा हात धरून एकदाच डुबकी मारणाऱ्या पर्यटकाला यातले काहीच विकत घेण्याची गरज नाही.

पोटरीला सुरी बांधण्याची जुनी पद्धत सोयीची नाही. पाय जाळ्यात असेल तर तिथवर हात पोहोचत नाही आणि म्यानही गुंत्यात सापडते. दोन साधने वेगवेगळ्या जागी, छातीजवळ, कुठल्याही हाताला लागतील अशी असावीत आणि हातातून निसटू नयेत म्हणून दोरीने बांधलेली असावीत. डुबकीनंतर पाते गोड्या पाण्याने धुऊन म्यानाबाहेर वाळवावे, कारण म्यानात साचलेल्या थेंबाखालीच गंज धरतो. विमानाने जाताना ते केबिनमध्ये नेता येत नाही, सामानाच्या बॅगेत टाकावे लागते.

खरेदीआधी हातमोजा घालून, डोळे मिटून, सैल तंगूस एका हाताने कापून पाहावी. कापली गेली नाही, तर ते साधन घेऊ नये.