पाळणा हलत नाही तेव्हा

लग्नाला तीन वर्षे झाली आणि सुनेची कूस उजवली नाही, की मोहल्ल्यात बोलणे सुरू होते. आधी हळू आवाजात, मग लग्नाच्या मंडपात, कधी कधी तर मय्यतीच्या घरीही. कोणी काढे सुचवते, कोणी ताविज आणून देते, कोणी मुलाच्या आईला बाजूला घेऊन दुसऱ्या निकाहची गोष्ट काढते. या सगळ्या बोलण्यात एक साधा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली या भागांतल्या कित्येक घरांतला कर्ता मुलगा आखाती देशात नोकरीला किंवा बोटीवर असतो. वर्षाकाठी महिना-सव्वा महिन्याची रजा मिळते. आता वैद्यकशास्त्र वंध्यत्व कशाला म्हणते ते पाहा. पती-पत्नी बारा महिने एकत्र राहिले, कोणतेही गर्भनिरोधक वापरले नाही, संबंध नियमित होते आणि तरीही गर्भ राहिला नाही, तरच हा शब्द वापरायचा. पत्नीचे वय ३५च्या पुढे असेल तर बाराऐवजी सहा महिन्यांनी तपासणी सुरू करायची. वर्षाला एक महिना सोबत राहणाऱ्या जोडप्याचे बारा महिने भरायला बारा वर्षे लागतील. तीन वर्षांनी ज्या सुनेला लोक वांझ म्हणतात, तिचा संसार डॉक्टरांच्या हिशेबाने जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो.

त्यातही महिन्याचे सगळे दिवस गर्भधारणेचे नसतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर साधारण १२ ते २४ तास टिकते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणजे एका पाळीच्या चक्रात कामाचे दिवस साधारण सहा. पूर्ण निरोगी, तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता सुमारे २० ते २५ टक्केच असते. या आकड्याने तीन रजांचा हिशेब केला, तर तीनही रजा संपल्यावर निम्म्याच्या आसपास निरोगी जोडप्यांच्या घरी पाळणा हललेला नसेल. त्यांच्यात आजार काहीच नसेल, फक्त दिवस कमी पडले असतील.

याचा अर्थ बारा वर्षे वाट पाहावी असा मुळीच नाही. वय पुढे सरकत असते आणि पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता झपाट्याने घटते. अर्थ एवढाच की दोष देण्याची घाई करू नये आणि तपासणीला उशीर करू नये.

तपासणी दोघांची

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा पत्नीकडच्या कारणासोबत असते. तरीही आपल्याकडे सुनेची सोनोग्राफी चार वेळा होते आणि मुलाची एकही तपासणी झालेली नसते.

खरे तर सर्वांत सोपी, स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी पुरुषाचीच आहे. वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवसांचा संयम लागतो आणि नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. नमुना कसा द्यायचा, या संकोचापायी आपल्यातले काही पुरुष तपासणीच टाळतात. पत्नीच्या सहवासातून नमुना घेण्यासाठी खास प्रकारचे निरोध मिळतात. बाजारातला नेहमीचा निरोध चालत नाही, कारण त्यावरच्या द्रव्याने पुरुषबीजे मरतात. डॉक्टरांना हे सरळ विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पुरुषबीज तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. म्हणून आज कमी दिसलेली संख्या दोन-तीन महिन्यांमागच्या कडक तापाचा परिणामही असू शकते आणि अशा वेळी तपासणी पुन्हा करावी लागते. सततची उष्णता, सिगारेट, तंबाखू आणि व्यायामशाळेत घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने पुरुषबीजांना मारक ठरतात. यांतले बरेचसे सोडून देता येते.

पत्नीच्या बाजूने थायरॉईड व इतर संप्रेरकांची रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का याची तपासणी करतात. आपल्या देशात नलिका बंद होण्याचे एक मोठे कारण जननेंद्रियांचा क्षयरोग हे आहे. त्यात खोकला असतोच असे नाही. कधी कधी मूल न होणे हेच त्याचे एकमेव लक्षण असते. क्षयाचे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. वेळेवर निदान झाले तर पुढचे नुकसान टळते.

कागदाच्या पट्टीतली प्रयोगशाळा

औषधाच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची पट्टी आज घरोघरी माहीत आहे. ती म्हणजे एक छोटा बायोसेन्सर, शरीरातला एखादा पदार्थ ओळखून खूण दाखवणारे साधन. पट्टीवर प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. गर्भ रुजल्यावर शरीरात एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होते. ते लघवीतून पट्टीवर आले की प्रतिपिंडे त्याला पकडतात आणि रंगीत रेघ उमटते.

याच जातीची दुसरी पट्टी आपल्या भागात फारशी कोणी मागत नाही. ती एलएच हे संप्रेरक ओळखते. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या साधारण २४ ते ३६ तास आधी ते एकदम वाढते. पट्टीने खूण दिली की पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. नवरा तीस दिवसांसाठी घरी आलेला असताना ही पट्टी मोठी मदत करते. पाळीच्या तारखा लिहून ठेवणाऱ्या पत्नीला रजेच्या तारखा कधीच्या घ्याव्यात, हेही आधी सांगता येते. पाळी फारच अनियमित असेल तर मात्र पट्टीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे.

परळ ते पुणे

नलिका बंद असतील तर स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची भेट शरीराबाहेर घडवावी लागते. हे प्रथम साधले ते इंग्लंडमध्ये, जुलै १९७८ मध्ये. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातही असे बाळ जन्मले. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांची अवहेलना झाली आणि १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून एक मुलगी जन्मली. देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिची नोंद झाली. नंतर मुखोपाध्याय यांचे कागद अभ्यासल्यावर आनंद कुमार यांनी स्वतःच पहिलेपणाचा मान त्यांना द्यावा असे जाहीरपणे सांगितले. असा प्रामाणिकपणा विरळाच.

१९९२ साली बेल्जियमच्या ब्रुसेल्समधून आणखी एक बातमी आली. सूक्ष्म सुईने एकच पुरुषबीज थेट स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करण्यात डॉक्टरांना यश आले होते. या पद्धतीला इक्सी म्हणतात. आपल्या घरांसाठी तिचे मोल फार मोठे आहे. पूर्वी पतीची बीजे अगदीच कमी असली तर परक्या पुरुषाचे बीज वापरण्याचा सल्ला दिला जाई आणि तो आपल्याला मान्य होण्यासारखा नव्हता. इक्सीमुळे थोडीच बीजे असलेला पतीही स्वतःच्या मुलाचा बाप होऊ शकतो.

आणि गर्भाशयच नसेल तर? साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक मुलगी गर्भाशयाशिवाय जन्मते. तिचे अंडाशय ठीक असतात, वाढ ठीक होते, फक्त पाळी येत नाही. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला ते बसवण्याचा एक आरंभीचा प्रयत्न एप्रिल २००० मध्ये जेद्दा येथे डॉ. वफा फकीह या सौदी शल्यविशारद महिलेने केला. रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याने ९९ दिवसांनी ते गर्भाशय काढावे लागले. पण मार्ग दिसला होता. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे डॉ. मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम यांच्या रुग्णाला सप्टेंबर २०१४ मध्ये रोपण केलेल्या गर्भाशयातून बाळ झाले. तुर्कस्तानात अंताल्या येथे २०११ साली मृत दात्याचे गर्भाशय मिळालेल्या स्त्रीला २०२० साली मूल झाले.

पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने १८ मे २०१७ रोजी सोलापूरच्या एका तरुणीला आणि दुसऱ्या दिवशी गुजरातच्या एका तरुणीला गर्भाशय बसवले. दोघींनाही ते त्यांच्या आईने दिले होते. आईच्या शरीरातून ते काढताना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची मदत घेतली गेली. गुजरातच्या तरुणीला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी सुमारे दीड किलोची मुलगी झाली. रोपण केलेल्या गर्भाशयातून जन्मलेले भारतातले हे पहिले बाळ. ज्या कुशीत आई वाढली, त्याच कुशीत तिची लेक वाढली.

हा मार्ग सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. रोपणात गर्भनलिका जोडत नाहीत, म्हणून गर्भ आधी प्रयोगशाळेत तयार करावा लागतो. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. प्रसूती शस्त्रक्रियेने होते आणि मूल झाल्यावर ती औषधे थांबवता यावीत म्हणून गर्भाशय काढतात. दान करणारी आईदेखील मोठ्या शस्त्रक्रियेतून जाते. शंभरातल्या नव्व्याण्णव घरांना याची गरज कधीच पडणार नाही.

शरीअत काय सांगते

इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८६ साली अम्मान येथे या विषयावर निर्णय दिला. निकाह कायम असताना पतीचे बीज आणि त्याच पत्नीचे स्त्रीबीज एकत्र करून गर्भ तिच्याच गर्भाशयात ठेवणे, गरज असेल आणि पूर्ण खबरदारी घेतली असेल तर जायज. परक्याचे पुरुषबीज, परक्या स्त्रीचे बीज किंवा दुसऱ्या स्त्रीचा गर्भाशय यांना परवानगी नाही. त्याच पतीची दुसरी पत्नी असली तरीही नाही. मुलाचा नसब स्वच्छ राहावा हा त्यामागचा विचार.

याच अकादमीने १९९० साली अवयवरोपणाबद्दल सांगितले की अंडाशय आणि वृषण यांचे रोपण चालणार नाही, कारण त्यांतून दात्याचे वंशगुण पुढे जातात. वंशगुण न वाहणाऱ्या इतर जननअवयवांना, गुप्तांग वगळता, शरीअतसंमत गरजेपोटी अटींसह मुभा दिली. अवयवदानाबद्दल भारतातल्या उलमांमध्ये मतभेद आहेत. तेव्हा आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना डॉक्टरांचे कागद दाखवून विचारावे.

उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. आजारावर इलाज करण्याची शिकवण आपल्याला नबी करीम (सल्ल.) यांच्याकडूनच मिळाली आहे. आणि उपचार करूनही मूल झाले नाही तर? सूरह शूरामध्ये अल्लाहने कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही आणि कोणाला काहीच न देण्याचा निर्णय स्वतःकडे ठेवला आहे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या इल्मकडे थोर सहाबा मार्गदर्शनासाठी येत. मूल नाही म्हणून एखाद्या स्त्रीचा मान कमी करणाऱ्याने हे आठवावे.

पुढच्या रजेआधी

पती परदेशी असेल तर तो येण्याआधीच पत्नीने सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि रक्ततपासणी, सोनोग्राफी करून घ्यावी. वीर्यतपासणी रजेच्या पहिल्या आठवड्यातच करावी, म्हणजे अहवाल पाहून डॉक्टरांना भेटायला दिवस उरतात. नलिकांची तपासणी पाळी थांबल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत होते, तीही तारखा पाहून ठरवावी. पतीची बीजे गोठवून ठेवण्याची सोयही असते. निकाह कायम असेपर्यंत आणि दोघांच्या संमतीनेच ती वापरावीत. तलाक किंवा इंतिकालानंतर नाही.

टेस्ट ट्यूब केंद्रात जायची वेळ आलीच तर २०२१च्या कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, हे आधी विचारावे. या कायद्यानुसार पत्नीचे वय २१ ते ५० आणि पतीचे २१ ते ५५ असावे लागते. दोघांचीच बीजे वापरली जातील, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे आणि न वाचता सही करू नये. आमच्या वयात, आमच्या आजारात यशाची शक्यता किती, एक फेरी फसली तर पुढे काय, एकूण खर्च किती, हे सगळे कर्ज काढण्याआधी विचारावे. कोणी शंभर टक्के खात्री देत असेल किंवा मुलगाच होईल असे सांगत असेल, तर तिथून उठावे. लिंगनिवड कायद्याने गुन्हा आहे.

आणि डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला सुनेबरोबर सासूने जाण्याऐवजी नवऱ्यानेच जावे. दोघांनी शेजारी बसून प्रश्न विचारले की अर्धी लढाई तिथेच सोपी होते.