मुक्या फुलांचा वसंत

मे महिना सरत आला की दक्षिण फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावर पांढऱ्या नर्गिसांचं पीक येतं. पीक म्हणायचं ते सवयीने, कारण ही फुलं कुणी लावलेली नसतात. समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटर उंचीवरची ही गायरानं आहेत. बर्फ वितळून गेलेलं असतं, गवत घोट्याच्या वर आलेलं असतं आणि त्या गवतातून नर्गिसं माना वर काढतात. सहा पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध लाल किनारीची इवलीशी पिवळी वाटी. ती तोडायला येणाऱ्यांच्या हाती परडी नसते. मोठाल्या दात्यांची फणी असते आणि तिला मागे पिशवी जोडलेली असते. गवताच्या डोक्यावरून फणी ओढत जायचं. देठ मागे राहतात, फुलं दात्यांत अडकून पिशवीत पडतात.

पोती भरली की धावपळ सुरू होते. पोत्यात दाबून ठेवलेली फुलं तापतात आणि सडू लागतात. त्यामुळे ती लवकरात लवकर कारखान्यात पोचवून हेक्सेनसारख्या द्रावकात बुडवावी लागतात. द्रावक उडवून लावला की तळाशी मेणचट गोळा उरतो. त्याला या धंद्यात ‘काँक्रीट’ म्हणतात. सिमेंटशी त्याचा काही संबंध नाही. हा गोळा अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, गारठवायचा आणि मेण गाळून टाकायचं. शेवटी अल्कोहोलही उडवलं की जो दाट अर्क हाती लागतो, तो ‘अब्सोल्यूट’.

त्या अर्काच्या कुपीचं बूच पहिल्यांदा उघडणाऱ्याची मात्र फसगत होते. नाकाला फुलाची अपेक्षा असते आणि समोर येतं वाळलेलं गवत. त्यामागून चामडं, घोड्याचा तबेला, मध, आणि मग कुठेतरी फूल. आल्प्स असो की ओब्राक, डोंगरातला वसंत तरी दुसरा कसा असतो? त्यात फुलांचा वाटा चार आण्यांचा. बाकीचं बर्फाखालून नुकतीच मोकळी झालेली ओली माती, मोडलेल्या कोवळ्या फांदीचा चीक, फर-पाइनची राळ, शेवाळ आणि चरायला सोडलेली गुरं. असा वसंत फक्त झाडापाल्यापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून बाटलीत उभा करायचा म्हणजे नैसर्गिक अत्तर बनवणाऱ्यांसाठी कसोटीच. कारण वसंतात सर्वाधिक घमघमणारी कितीतरी फुलं आपला वास कुणाला देतच नाहीत.

फ्रान्समध्ये १ मे रोजी एकमेकांना ‘म्यूगे’ची, म्हणजे लिली ऑफ द व्हॅलीची डहाळी भेट देतात. मोत्यांसारख्या लटकत्या घंटा, रानातल्या सावलीत वाढणारं नाजूक झुडूप, आणि वास असा की खोली भरून जावी. पण या फुलांना वाफ दिली तर सुगंध करपतो. द्रावकात बुडवली तर जे मिळतं त्याला म्यूगेचा वास येत नाही, आणि तेही इतकं थोडं की धंदा बसावा. लायलॅकचंही तेच. अत्तराच्या जगात अशा फुलांना ‘मुकी फुलं’ म्हणतात. बागेत बडबडतात, कारखान्यात आल्यावर तोंड उघडत नाहीत.

एडमंड रुदनित्स्का हा विसाव्या शतकातला थोर अत्तरकार ग्रास शहराजवळच्या काब्री गावात, डोंगरउतारावर राहायचा. त्याने आपल्या बागेत म्यूगे लावली आणि तिचा वास नाकात बसेपर्यंत तिच्याजवळ वेळ घालवला. त्यातून १९५६ साली दिओरचं ‘दिओरिसिमो’ जन्माला आलं. आजही म्यूगेचं अत्तर म्हटलं की जाणकार आधी त्याचंच नाव घेतात. त्यात म्यूगेच्या फुलाचा थेंबही नाही. कारखान्यात तयार होणारं हायड्रॉक्सिसिट्रोनेलल, जाई आणि इतर द्रव्यं जुळवून रुदनित्स्काने फुलाचं चित्र काढलं, एखाद्या चित्रकाराने काढावं तसं. व्हायोलेटचा प्रश्न त्याआधीच सुटला होता: १८९३ साली जर्मनीत टीमान आणि क्रुगर यांनी ‘आयोनोन’ प्रयोगशाळेत बनवलं आणि मूठभर श्रीमंतांचा व्हायोलेटचा सुगंध साबणाच्या वडीतही आला.

हे दार नैसर्गिक अत्तरवाले स्वतःहून बंद करून घेतात. प्रयोगशाळेत घडवलेला रेणू वापरायचा नाही, अशी त्यांची अट असते. अमेरिकेत बर्कलीला राहणाऱ्या मँडी आफ्टेल या त्यांतल्या सर्वांत परिचित. २००१ साली आलेल्या त्यांच्या ‘एसेन्स अँड अल्केमी’ या पुस्तकाने कितीतरी हौशी लोकांना या वाटेला लावलं. नैसर्गिक म्हणजे नेमकं काय, यावर मात्र या मंडळींतही भांडणं आहेत. हेक्सेनने काढलेला अर्क चालतो का? आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या आयएसओ ९२३५ या परिभाषेत काँक्रीट आणि अब्सोल्यूट दोन्ही नैसर्गिक द्रव्यांतच मोडतात. सोवळी मंडळी तेही नाकारतात. पण मग नर्गिस हातचं जातं आणि वसंतातलं उरलंसुरलं फूलही संपतं.

तेव्हा वसंत आणायचा तो फुलांना वळसा घालून.

पहिली गरज हिरवेपणाची. तो येतो इराणच्या डोंगरातून, गॅल्बनम नावाच्या डिंकातून. फेरूला जातीच्या झुडपांच्या मुळाशी चीर दिली की दुधासारखा चीक पाझरतो आणि वाळून त्याचा डिंक होतो. मराठी वाचकाला या झुडपाची ओळख फार लांबून करून द्यायला नको. आपला हिंगही फेरूलाच्याच मुळातून आणि अशाच चिरा देऊन मिळतो. गॅल्बनम हा हिंगाचा चुलतभाऊ. वळण मात्र वेगळं. हिंगात गंधकाचा उग्रपणा, तर गॅल्बनममध्ये नुकत्याच सोललेल्या मटाराचा आणि ओल्या देठाचा कच्चा, बोचरा हिरवेपणा. ढोबळी मिरची चिरताना जो वास उठतो, त्याला कारण असलेलं पायरॅझीन जातीचं द्रव्य गॅल्बनममध्येही असतं. ते इतकं तिखट की किंचित मात्रेतही नाकाला कळतं. म्हणून अत्तरवाले गॅल्बनम थेंबाने नव्हे, पातळ करून थेंबाच्या अंशाने वापरतात.

जर्मेन सेलिए या बाईंनी मात्र हा संकेत धुडकावला. १९४७ साली बालमँसाठी केलेल्या ‘व्हाँ व्हेर’ या अत्तरात त्यांनी गॅल्बनमचा हात इतका सैल सोडला की त्याचं प्रमाण ८ टक्क्यांच्या घरात गेल्याचं सांगतात. ‘व्हाँ व्हेर’ म्हणजे हिरवा वारा. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पॅरिसला त्या बाटलीतून चिरलेल्या गवताचा वास आला. ते काही नैसर्गिक अत्तर नव्हतं. पण डोंगरातला वसंत करू पाहणारे आजचे नैसर्गिक अत्तरवाले सेलिएबाईंचं ऋण मानतात ते याच धाडसासाठी. जोडीला व्हायोलेटच्या पानांचा अर्क येतो. फूल मुकं, पण पान बोलतं. त्याला काकडीचा, दवात भिजलेल्या कुरणाचा वास असतो. ग्रासजवळच्या तुरेत-स्युर-लू गावात व्हायोलेटची शेती जगली आहे ती बरीचशी या पानांवरच.

व्हायोलेटच्या फुलाचा वास हवाच असेल तर? तो मिळतो मुळीतून, तोही वेगळ्याच झाडाच्या. इटलीत फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला टेकड्यांवर द्राक्षमळ्यांच्या आणि ऑलिव्हच्या कडेने फिकट निळ्या आयरिसच्या रांगा असतात. मे महिन्यात त्या फुलतात, पर्यटक फोटो काढतात आणि शेतकरी त्या फुलांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना हवा असतो जमिनीखालचा कंद. तो दोन-तीन वर्षांनी उपटायचा, हाताने सोलायचा, कापायचा, सुकवायचा आणि मग तसाच ठेवून द्यायचा. ताज्या कंदाला कच्च्या बटाट्यासारखा वास येतो. कोठारात तीन-एक वर्षं पडून राहिल्यावर त्यातली द्रव्यं हळूहळू बदलतात, ‘आयरोन’ तयार होतात आणि कंदाला व्हायोलेटचा, पावडरीचा, थंडगार वास चढतो. अशा टनभर कंदांना वाफ दिली की ‘ऑरिस बटर’ नावाचा लोण्यासारखा पदार्थ हाती लागतो, तो जेमतेम दोन-तीन किलो. लावणीपासून बाटलीपर्यंत पाच-सहा वर्षं. वसंताचा हा सर्वांत कोवळा सूर म्हणजे खरं तर बऱ्यापैकी म्हातारा कंद असतो.

ओल्या मातीचं काय? इथे आल्प्सच्या अत्तराला थेट उत्तर प्रदेशातल्या कनौजकडे हात पसरावा लागतो. तिथे भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर भरतात, झाकण मातीनेच लिंपून बंद करतात आणि खाली आच लावतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका म्हणजे पाण्यात बसवलेलं लांब मानेचं भांडं. त्यात परंपरेने चंदनाचं तेल असतं आणि ते मातीचा वास धरून ठेवतं. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं, तेव्हा त्यांनी आपल्या लेखात भारतातल्या या मातीच्या अत्तराची दखल घेतली होती. शास्त्राने बारसं केलं तेव्हा बाळ चांगलं जाणतं झालेलं होतं.

आता तळ. फुलं-पानांचा वास लवकर उडून जातो. त्याला धरून ठेवायला जड द्रव्यं लागतात. फर वृक्षाचा राळयुक्त अर्क, त्याला जंगली मुरंब्यासारखा गोडवा असतो. कस्तुरीभेंडीच्या बिया, कारण कस्तुरीमृगाला हात न लावता कस्तुरीची ऊब तिथेच मिळते. आणि बाल्कन देशांतल्या ओकच्या झाडांवरून खरवडलेलं ‘ओकमॉस’. मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे, ते दगडफुलाच्या कुळातलं. गोडा मसाला करताना जे काळपट-राखाडी पापुद्रे आपण तेलात परततो, त्यांचंच हे युरोपातलं भावंड. त्याचा वास ओल्या खोडाचा, शाईचा, सावलीतल्या दगडाचा.

या ओकमॉसपाशी नैसर्गिक अत्तराबद्दलचा एक लाडका गैरसमज गळून पडतो. त्यात निसर्गानेच घातलेली ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल ही द्रव्यं इतक्या लोकांच्या त्वचेला ॲलर्जी देतात की युरोपीय संघाने २०१७ च्या नियमांनुसार त्यांच्यावर बंदी घातली. आता ती काढून टाकलेलं ओकमॉस वापरावं लागतं. बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाच्या सालीचं कच्चं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. उलट बाजूलाही सगळं आलबेल नाही: म्यूगेचा आभास देणारं लिलिअल हे कृत्रिम द्रव्य प्रजननावर घातक परिणामांच्या शंकेवरून युरोपात मार्च २०२२ पासून बंद झालं. तेव्हा ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असं दुकानदार सांगू लागला तर त्याला विक्रेता समजावं, वैद्य नव्हे.

नैसर्गिक अत्तरात दोष आहेतच. ते कमी टिकतं, चार हातांवरून कुणाला कळत नाही, आणि यंदाच्या बाटलीचा वास गेल्या वर्षीच्या बाटलीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, कारण पाऊस जुळलेला नसतो. पण डोंगरातल्या वसंताच्या बाबतीत हे दोष निम्मे माफ करावेत असे आहेत. साबणाच्या जाहिरातीतला वसंत दिवसभर टिकतो. खरा दुपारपर्यंत पांगतो.

सह्याद्रीतला वसंत याच्या अगदी उलटा. तो डोळ्यांत भरतो. पळस, पांगारा, काटेसावर अशी पेटलेली झाडं असतात, पण जवळ जाऊन नाक लावलं तर वास जवळजवळ नाहीच. ही फुलं पक्ष्यांना बोलावतात, आणि पक्षी रंगाला भुलतात. सुगंध शोधायचा तर करवंदाच्या जाळीत, आंब्याच्या मोहोरात, नाहीतर खाली कोकणात सुरंगीच्या झाडाखाली जावं लागतं. वेंगुर्ल्याकडे आणि गोव्यात सुरंगीच्या कळ्या उमलण्याआधी, पहाटेच खुडतात आणि त्यांचे वळेसर विकायला येतात.

ओब्राकचं नर्गिस किंवा फ्लॉरेन्सचा आयरिस-कंद आपल्या घरी सहज येणार नाही. पण मसाल्याच्या डब्यात दगडफूल असतंच. त्याचा एक पापुद्रा दोन थेंब पाण्याने ओला करा, तळहातावर चुरडा आणि नाकाशी धरा. महागड्या बाटलीच्या तळाशी बसलेलं जंगल जवळपास असंच असतं.