वखार गेली, वह्या उरल्या

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १६६४ चा जानेवारी उभा राहतो. किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान, जळणाऱ्या हवेल्या, ओझ्याने वाकलेली जनावरे. शिवाजी महाराज तिथे का गेले याचे उत्तरही आपल्याला पाठ असते: पैसा होता म्हणून. पण तो पैसा कुठून आला, कोणाच्या कोठारात साठला आणि कोणत्या हिशेबाने फिरत होता, हे विचारायला आपण थांबत नाही. सुरत हे मोगल साम्राज्याचे मुख्य बंदर होते. एका अर्थाने ते अख्खे शहरच एक दुकान होते, आणि त्या दुकानाचे आज काय उरले आहे, हा प्रश्न लुटीच्या कथेइतकाच महत्त्वाचा आहे.

सुरतेने आपला इतिहास जपलेला नाही, असे कोणी म्हणणार नाही. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांना आळा बसावा म्हणून खुदावंदखानाने १५४० ते १५४६ च्या दरम्यान बांधलेला तापीकाठचा किल्ला महानगरपालिकेने दुरुस्त करून त्याचे संग्रहालय केले. १८९० मध्ये विंचेस्टर या कलेक्टरच्या नावाने निघालेले संग्रहालय आज सरदार पटेलांच्या नावाने चालते. हज यात्रेकरूंसाठी बांधलेल्या मुघलसराईत महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. कतारगाममध्ये ऑक्सेंडेन बंधूंची दुमजली घुमटी कबर उभी आहे, आणि ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा केरळच्या वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध करवणारा डच अधिकारी फान रेडे याचीही. किल्ला, सराई, कबरी. ज्या वखारींसाठी हे टोपीकर सुरतेला आले, त्या वखारींचे मात्र संग्रहालय नाही. म्हणून सुरतेचे दुकान हरवले असे मानण्याचा प्रघात आहे. मला तो चुकीचा वाटतो. दुकान जपले गेलेले आहे, फक्त भिंतींच्या रूपात नाही, आणि त्याचा मोठा वाटा मुंबईत, मराठी वाचकाच्या हाताशी आहे.

आधी इमारतीविषयी. इंग्रजांनी १६१२-१३ च्या सुमारास सुरतेत बस्तान बसवले. वखारीची रचना सर्वांना परिचित आहे: खाली कोठारे, वर राहण्याच्या खोल्या, सामाईक जेवण, एक अध्यक्ष. पण औरंगजेबाच्या काळात आलेला प्रवासी ओव्हिंग्टन एक गोष्ट सांगून जातो, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्याने पाहिलेले वखारीचे घर ईस्ट इंडिया कंपनीचे नव्हतेच. मालक बादशहा, कंपनी भाडेकरू, आणि भाड्याची रक्कम बहुतेक त्याच घराच्या दुरुस्तीत आणि वाढीव खोल्यांत जाई. वखारीचे मर्म त्या घरात नव्हते. ते रोज लिहिल्या जाणाऱ्या वहीत होते: काय आले, काय गेले, कोणाकडून उचल घेतली, कोण अडून बसला. कंपनीचा मुख्य कारभार १६८७ मध्ये मुंबईला हलला तेव्हा घर सुरतेतच राहिले. त्या वह्यांपैकी कित्येक आज मुंबईत, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात आहेत, बाकीचा मोठा साठा लंडनमध्ये. विल्यम फॉस्टर यांनी १६१८ ते १६६९ या काळातील कंपनीच्या वखारींचे कागद १९०६ ते १९२७ च्या दरम्यान तेरा खंडांत संपादून प्रसिद्ध केले. हे खंड उघडले की वखारीचे दार उघडते.

आणि दारातच भेटतो वीरजी वोरा. हा जैन सावकार इंग्रजी कागदांत १६१९ पासून दिसतो. काळी मिरी, पोवळी, लवंग, ज्या मालाला उठाव असेल तो माल एकगठ्ठा उचलायचा आणि भाव आपण ठरवायचा, ही त्याची रीत. त्याला टाळून इंग्रजांनी दख्खनेत थेट मिरी घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याच्या अडत्यांनी तिथेही चढा भाव देऊन माल उचलला. तरीही जहाज भरायला पैसे कमी पडले की हेच इंग्रज कर्जासाठी त्याच्याच दारी. या पत्रांतली तक्रार एकाच वेळी रागाची आणि गरजेची आहे, आणि म्हणून ती विलक्षण जिवंत आहे. पुढच्या काळात हिंदुस्थानचे धनी झालेले लोक इथे एका गुजराती पेढीचे ऋणको म्हणून दिसतात.

यावर रास्त आक्षेप असा, की ही वही गिऱ्हाइकाची आहे, दुकानदाराची नव्हे. वीरजीच्या पेढीची बाजू आपल्यासमोर नाही. सुरतेतल्या नोकरांना लंडनच्या मालकांपुढे आपल्या तोट्याचे खापर फोडायला एक माणूस हवाच होता, आणि वीरजी त्यासाठी सोयीचा होता. हे मी मान्य करतो. पण तक्रारीतला दोष वजा केला तरी कर्जाच्या नोंदी उरतात. आपण परतफेड करणे लागतो, हे कोणी बढाई म्हणून लिहीत नाही. शिवाय साक्षी केवळ वखारीच्या नाहीत. १६६६ मध्ये सुरतेत आलेला फ्रेंच प्रवासी तेव्हनो वीरजीची मालमत्ता ऐंशी लाखांची सांगतो. त्याआधी दोन वर्षे इंग्रजांचा पाद्री एस्कॅलिऑट यानेही नेमका तोच आकडा लिहिला होता. दोघांचा आकडा एक, याचा अर्थ तो मोजलेला नसून बाजारात फिरणारा असणार. वीरजीची खरी संपत्ती त्यातून कळत नाही, पत कळते, आणि सावकारासाठी पत हेच भांडवल.

एस्कॅलिऑटचे ते पत्र या साऱ्या कागदांत मला सर्वांत मोलाचे वाटते. लुटीनंतर काही दिवसांतच त्याने ते इंग्लंडातल्या नॉर्विच गावी थॉमस ब्राउन या वैद्य-लेखकाला पाठवले. आपल्याकडे ते शिवाजी महाराजांच्या रूपवर्णनासाठी ओळखले जाते. पण त्याच पत्रात डचांच्या वखारीजवळचे वीरजीचे घर आहे, आणि इंग्रजांच्या शेजारचे हाजी सय्यद बेग या व्यापाऱ्याचे घर व कोठारे. कोणाचे घर कोणाला लागून होते, हाजीच्या घरात शिरलेल्यांना इंग्रजांनी कसे हुसकावले, हे वाचताना लुटीच्या वर्णनातून बाजारपेठेचा नकाशा उमटत जातो. आपल्या संशोधकांनी १९३१ साली पुण्यातून ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ हा संग्रह काढला. ते काम थोर आहे. मात्र निवडीची कसोटी महाराजांशी संबंध हीच असल्यामुळे मिरीचे भाव, व्याज, तारण अशा नोंदी तिच्याबाहेर राहिल्या, आणि सुरत आपल्या मनात फक्त जळताना उरली.

दुकानाचे कौतुक केले तर स्वारीचे मोल उणावते, असे काहींना वाटेल. तसे होत नाही. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसल्याने तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख बेचिराख होत होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत पेठेतून घेण्याचा निर्णय किती अचूक होता, हे वखारीच्या कागदांतल्या वीरजीच्या नोंदी वाचल्यावरच कळते. वार कुठे करायचा हे ज्याला कळले, त्याला बाजारही कळला होता.

म्हणून किल्ल्याच्या संग्रहालयात तलवारी-नाण्यांच्या शेजारी वखारीच्या एखाद्या दिवसाची नोंद मूळ अक्षरांसह आणि गुजराती-मराठी भाषांतरासह लागावी, असे मनापासून वाटते. मुंबईचा पुराभिलेख विभाग आणि सुरतेची महापालिका यांना ते अवघड नाही. दिवस निवडायचा तर १६६४ चा नको. त्याच्या आधीच्या एखाद्या साध्या वर्षाचा असावा, जेव्हा जहाज सुवाळी बंदराला उभे आहे, माल अर्धाच भरला आहे, आणि वखारीतून कोणीतरी पुन्हा एकदा वीरजीच्या घराकडे निघाला आहे.