डिस्क कोरी नसते: री-रायटेबल डीव्हीडी वाचली जात नाही तेव्हा

री-रायटेबल डीव्हीडीवरचे चित्रण संगणकावर एडिट करून पुन्हा त्याच डिस्कवर घेतले, की पुष्कळदा ती डिस्क टीव्हीजवळच्या प्लेअरमध्ये चालत नाही. पडद्यावर ‘नो डिस्क’ किंवा ‘डिस्क एरर’ येते. कॅमेऱ्यात घातली तर कॅमेरा विचारतो, फॉरमॅट करायची का? मग डिस्क खराब झाली असे समजून ती टाकून दिली जाते, नाहीतर फॉरमॅटला ‘हो’ म्हटले जाते. दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. अशा डिस्कवरचे चित्रण बहुतेक वेळा शाबूत असते. बिघडलेली असते ती त्याची मांडणी. कित्येकदा तीही बिघडलेली नसते, समोरच्या यंत्राला ती कळत नसते एवढेच.

हा प्रश्न जुना झाला असे शहरात वाटू शकते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या खापरसारख्या, गुजरातच्या सीमेजवळच्या बाजाराच्या गावाला तो आजही लागू आहे. मोबाइलचा कॅमेरा हाती येण्याआधीच्या दहा-बारा वर्षांतली लग्ने, शाळांची संमेलने, सण-उत्सव यांची शूटिंग कॅसेटवर नाहीतर डिस्कवर झाली. याच तालुक्यात काठी गावाची होळी भरते. पहाटे ती पेटते, तोवर रात्रभर मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा-बुध्या ढोलाच्या तालावर नाचतात. अशा रात्रीचे वीस वर्षांपूर्वीचे चित्रण एखाद्याच डिस्कवर असेल, तर त्या डिस्कची दुसरी प्रत बाजारात विकत मिळत नाही. म्हणून तिच्याबाबत घाई करू नये.

डिस्क बसणाऱ्या कॅमेऱ्यांचा काळ साधारण २००० सालापासूनचा. त्या वर्षी हिताचीने डीव्हीडीवर चित्रण करणारा कॅमेरा आणला आणि पुढे सोनीच्या हँडीकॅममुळे हा प्रकार घरोघरी पोचला. या कॅमेऱ्यात नेहमीची १२ सेंटिमीटरची नव्हे, ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क बसते. तिच्यावर १.४ जीबी माहिती, म्हणजे मध्यम दर्जाचे सुमारे अर्ध्या तासाचे चित्रण मावते. मोठ्या डिस्कवर ४.७ जीबी मावते.

री-रायटेबल डिस्कच्या पोटात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम या धातूंच्या मिश्रणासारखा एक पातळ थर असतो. लेझरने तो क्षणभर वितळवून लगेच थंड केला, की त्या जागी त्याची रचना विस्कळीत होते आणि प्रकाश कमी परततो. बेताची उष्णता दिली, की तोच ठिपका पुन्हा स्फटिकरूप होतो आणि जास्त प्रकाश परतवतो. लिहिणे आणि पुसणे ते एवढेच. डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू सुमारे १,००० वेळा लिहिता येतात असे मानले जाते.

यातच प्लेअरच्या पहिल्या तक्रारीचे मूळ आहे. कारखान्यात छापलेली एकपदरी सिनेमाची डीव्हीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किमान ४५ टक्के परत पाठवते. आरडब्ल्यू डिस्क १८ ते ३० टक्केच पाठवते. दुपदरी छापील डिस्कचा एकेक थरही साधारण इतकाच प्रकाश परतवतो. त्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यू डिस्कला दुपदरी समजून नसलेला दुसरा थर शोधत बसतात आणि शेवटी डिस्क नाकारतात. लेझरच्या भिंगावर धूळ बसलेली असेल किंवा लेझर थकलेला असेल, तर हा कमी प्रकाशही त्याला पुरत नाही. छापील सिनेमे व्यवस्थित चालतात आणि आरडब्ल्यू चालत नाही, असे दिसले तर आधी प्लेअरवर संशय घ्यावा. तीच डिस्क दुसऱ्या दोन यंत्रांत घालून पाहिली, की दोष कुठे आहे ते पुष्कळसे स्पष्ट होते.

त्याआधी डिस्क नुसत्या डोळ्यांनी बघावी. काठाला धरून, खालची बाजू वर करून ती खिडकीच्या उजेडात तिरपी फिरवली, तर लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगछटेत फरक दिसतो. लिखाण आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेर सरकते, म्हणून हा भाग मधल्या भोकाभोवतीच्या पट्ट्यासारखा दिसतो. आरडब्ल्यू डिस्कवर ही छटा फिकी असते, पण नीट पाहिले तर सापडते. संगणक ‘डिस्क कोरी आहे’ म्हणतो आणि पट्टा मात्र रुंद दिसतो, तेव्हा चित्रण आहे, पण त्याची अनुक्रमणिका लिहायची राहिली आहे, असे समजावे. बोटांचे ठसे असतील तर मऊ, लिंट न सोडणाऱ्या कापडाने मधून काठाकडे सरळ पुसावे, गोल गोल पुसू नये. टूथपेस्ट लावण्याचा उपाय अजून सांगितला जातो. एकमेव प्रत असलेल्या डिस्कवर तो कधीही करू नये.

अनुक्रमणिका राहण्याचे कारण बहुधा ‘फायनलाइझ’ न करणे हेच असते. कॅमेरा चित्रण करत जातो, पण सुरुवातीच्या भागातली दुसऱ्या यंत्रांना लागणारी माहिती तो शेवटी, फायनलाइझचा हुकूम दिल्यावरच लिहितो. तोपर्यंत ती डिस्क फक्त त्या कॅमेऱ्याला, किंवा त्याच जातीच्या कॅमेऱ्याला वाचता येते. मूळ कॅमेरा चालू असेल तर उपाय सोपा: डिस्क त्यात घालून फायनलाइझ करावी. हे काम चालू असताना वीज गेली किंवा कॅमेरा हलला, तर मात्र चांगली डिस्क खरोखरच हातची जाते. त्यामुळे अडॅप्टर लावलेला असतानाही भरलेली बॅटरी कॅमेऱ्यात असू द्यावी. वीज वारंवार जाते तिथे ही खबरदारी सोडूच नये.

डिस्क संगणकात उघडत असेल, तर पुढचे निदान फोल्डरच्या नावावरून होते. ‘व्हिडिओ-टीएस’ असे फोल्डर दिसले, तर ती नेहमीच्या सिनेमासारखी डीव्हीडी-व्हिडिओ डिस्क आहे. ‘डीव्हीडी-आरटीएव्ही’ दिसले, तर चित्रण व्हीआर पद्धतीने झाले आहे. डिस्कवरच कापाकापी करता यावी म्हणून ही पद्धत आली, पण घरातले बरेच प्लेअर ती वाचत नाहीत. ‘बीडीएमव्ही’ दिसले, तर ते हाय-डेफिनिशन चित्रण आहे. ते साध्या डीव्हीडीवर लिहिलेले असले, तरी चालवायला ब्लू-रे प्लेअर लागतो. यांपैकी काहीच नसून नुसत्या एमपी४ किंवा एव्हीआय फाइल असतील, तर ती डेटा डिस्क आहे. संगणक ती चालवेल. जुना प्लेअर चालवेलच असे नाही.

संगणकावर एडिट केल्यानंतर बिघडणाऱ्या डिस्कांचे खरे मर्म ‘व्हिडिओ-टीएस’ फोल्डरच्या आत आहे. तिथे व्हीओबी नावाच्या मोठ्या फाइलमध्ये चित्र आणि आवाज असतो. एक फाइल १ जीबीपर्यंतची असते. शेजारी आयएफओ नावाच्या छोट्या फाइल असतात आणि बीयूपी या त्यांच्याच राखीव प्रती. कुठला प्रसंग डिस्कच्या कितव्या कप्प्यात सुरू होतो, मेनूतले कुठले बटण कुठे नेते, हे सगळे आयएफओमध्ये पत्त्यांच्या रूपात लिहिलेले असते. प्लेअर आधी आयएफओ वाचतो आणि तिथल्या पत्त्यावर जाऊन चित्र उचलतो. एडिट करणाऱ्याने व्हीओबीमधला नको असलेला भाग कापला, उरलेली फाइल त्याच नावाने जुन्या आयएफओशेजारी ठेवली, की सगळे पत्ते चुकतात. प्लेअर अडखळतो, एका प्रसंगावर गोठतो किंवा डिस्क वाचायलाच नकार देतो. तीच व्हीओबी संगणकावर व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये थेट उघडली तर सुरळीत चालते, म्हणून एडिट करणाऱ्याला चूक कळतच नाही. व्हीआर डिस्कचेही तसेच आहे: तिथे व्हीआरओ फाइलमध्ये चित्रण असते आणि कॅमेऱ्यात केलेली कापाकापी व प्लेलिस्ट शेजारच्या आयएफओमध्ये.

यावर एकच पक्का मार्ग आहे. चित्रण आधी संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवावे, तिथे एडिट करावे आणि तयार झालेल्या फाइलपासून डीव्हीडी नव्याने बांधावी. या कामाला ऑथरिंग म्हणतात. डीव्हीडीस्टायलर हा त्यासाठीचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो सगळ्या आयएफओ नव्याने तयार करतो, पत्ते बरोबर बसवतो. कॅमेऱ्याच्या डिस्कवरच संगणकाने फेरफार करणे मुळातच चुकीचे. संगणकाने हात लावलेली डिस्क कॅमेरा परत स्वीकारेल अशी आशा धरू नये.

दुसरी ठेच डिस्क लिहिताना लागते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कोरी डिस्क घातली, की ती पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, असे विचारले जाते. पहिला पर्याय घेतला तर फाइल ओढून टाकता येतात, पण डिस्कची मांडणी टीव्हीजवळच्या प्लेअरला न कळणारी होते. दुसरा पर्याय घेतला तरी विंडोज फक्त डेटा डिस्क बनवते. ‘प्लेअर’ हा शब्द वाचून पुष्कळांना एमपी४ फाइल टाकली की डीव्हीडी झाली असे वाटते. तसे होत नाही. ऑथरिंग करून मिळालेले ‘व्हिडिओ-टीएस’ फोल्डर इमेजबर्नसारख्या प्रोग्रॅमने डीव्हीडी-व्हिडिओ म्हणूनच लिहावे लागते, कारण प्लेअरला फाइलींचा ठरावीक क्रम आणि यूडीएफ १.०२ ही जुनी फाइल-पद्धत लागते.

चित्राचे मापही बघावे. भारतातली पद्धत पाल: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रे. एडिटिंगचे काही प्रोग्रॅम आपसूक अमेरिकेची एनटीएससी पद्धत, म्हणजे ७२० बाय ४८०, धरून चालतात. मग जुन्या टीव्हीवर चित्र काळे-पांढरे दिसते किंवा खालीवर पळते. डेटाचा वेगही आवरावा. डीव्हीडीची कमाल मर्यादा चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे १० मेगाबिट आहे. आरडब्ल्यू डिस्कवर ६ ते ७ ठेवले, तर कमकुवत लेझरच्या प्लेअरलाही झेपते.

एवढे करूनही प्लेअर हटून बसला, तर ‘प्लस’ जातीच्या डिस्कसाठी एक युक्ती उरते. डिस्कच्या सुरुवातीला तिचा प्रकार नोंदलेला असतो. काही रायटर डीव्हीडी+आर आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू वर ही नोंद ‘डीव्हीडी-रॉम’ अशी लिहू शकतात. तसे केले, की डिस्क छापील आहे असे समजून प्लेअर तिला घेतो. याला बिटसेटिंग म्हणतात. ‘मायनस’ जातीच्या डिस्कवर ते करता येत नाही. वेगाचाही विचार करावा: ८ एक्स डीव्हीडी+आरडब्ल्यू जुन्या ४ एक्स रायटरमध्ये लिहिली जात नाही, डिस्क नवी आणि रायटर चांगला असूनही जोडी जुळत नाही. अनेकदा लिहिलेली डिस्क पुन्हा वापरायची असेल, तर झटपट न पुसता पूर्ण पुसून घ्यावी. त्याने जुन्या लिखाणाचे अवशेष राहत नाहीत. झटपट पुसण्यात फक्त सुरुवातीचा भाग जातो. चित्रण जागेवरच असते, पण ड्राइव्ह डिस्क कोरी मानतो आणि घरच्या साधनांनी ते परत काढणे फार अवघड होते.

म्हणूनच चित्रण वाचवायचे असेल, तर पुसणे, फॉरमॅट करणे आणि नवे काही लिहिणे या तिन्ही गोष्टी आधी थांबवाव्यात. पहिले काम म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा हार्ड डिस्कवर घेणे. इमेजबर्न ते करतो. वाचताना अडखळणाऱ्या डिस्कसाठी लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू बरा. तो खराब जागा वगळून आधी चांगला भाग उचलतो आणि मग राहिलेल्या जागांवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. फायनलाइझ न झालेल्या डिस्कसाठी आयसोबस्टर उपयोगी पडतो. विंडोजला कोरी दिसणाऱ्या डिस्कवरही तो चित्रणाचे तुकडे शोधू शकतो. एका ड्राइव्हने हार मानली, तर दुसरा लावावा. एकाला न जमलेली डिस्क दुसऱ्याने वाचणे ही रोजची गोष्ट आहे. हाती आलेल्या व्हीआरओ फाइलला एमपीजी असे नाव दिले, तरी बहुतेक प्रोग्रॅम ती उघडतात, कारण आत साधे एमपीईजी-२ चित्रणच असते. मात्र कॅमेऱ्यातली प्लेलिस्ट तिच्याबरोबर येत नाही.

८ सेंटिमीटरची डिस्क लॅपटॉपच्या किंवा संगणकाच्या ट्रेमध्ये बसते, पण गाडीतल्या प्लेअरसारख्या, डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या यंत्रात ती कधी घालू नये, आत अडकते.

शेवटची प्रत आरडब्ल्यू डिस्कवर ठेवू नये. तिचा थर बदलता यावा म्हणूनच बनवलेला असतो आणि उष्णतेने तो हळूहळू आपणहून बदलतो. नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो; पत्र्याखालच्या फडताळात किंवा मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेली डिस्क त्याहून जास्त तापते. दाखवण्यासाठी एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर करावी आणि जपण्यासाठी मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह आता क्वचितच येतो. डिस्क बनवणारी भारतातली मोठी कंपनी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. यूएसबीवर चालणारे बाहेरचे ड्राइव्ह अजून बाजारात मिळतात आणि गावातल्या स्टुडिओत जुना रायटर बहुधा कुठेतरी पडलेला असतो. घरातल्या कपाटात आरडब्ल्यू लिहिलेली डिस्क असेल, तर तिची प्रतिमा याच वर्षी काढून घ्यावी.