डिजिटल जाहिरात : खर्चाआधी हवे नियोजन

यवतमाळ : कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला, की यवतमाळ, वणी, पुसदच्या बाजारपेठांत खरेदीची लगबग सुरू होते. इंटरनेटवरील जाहिरातीचे वेळापत्रकही याच हंगामाशी जुळायला हवे. वर्षभर सारखाच खर्च केल्यास लहान व्यापाऱ्याचे तुटपुंजे भांडवल ऐन हंगामापूर्वीच संपते.

गुगल नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. मात्र जुना दूरध्वनी क्रमांक किंवा चुकीची वेळ तशीच राहिल्यास आलेला ग्राहक परत जातो. फेसबुकवरील जाहिरात ठरावीक शहर व परिसरापुरती ठेवता येते. त्यामुळे केवळ पुसदमध्ये विक्री करणाऱ्याने मुंबईतील ‘लाइक’साठी पैसे मोजणे व्यर्थ आहे.

ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती करण्याचा मोहही टाळावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्यांना त्यास मनाई आहे.

‘लाइक’ म्हणजे विक्री नव्हे. प्रत्येक जाहिरातीवर किती खर्च झाला, त्यातून किती चौकशा आल्या आणि किती माल विकला गेला, याचा हिशेब वहीत मांडला, तरच पुढील हंगामाचा खर्च डोळसपणे ठरविता येतो.