घरीं घडविलेली मोटार आणि सरकारी नंबर

इगतपुरीच्या स्टेशनांत मुंबईकडे निघालेली आगगाडी थांबली, म्हणजे पुढें घाट आहे हें जाणत्या प्रवाशाला सांगावें लागत नाहीं. येथून कसाऱ्यापर्यंत लोहमार्ग सुमारें ३०० मीटर खालीं उतरतो, आणि त्याचा उतार ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. १८६५ सालीं हा मार्ग खुला झाला. घाट चढणाऱ्या जड गाड्यांना मागून जादा इंजिनांचा रेटा द्यावा लागतो, तर उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक पारखल्यावांचून तिला खालीं सोडीत नाहींत. शेजारच्या डोंगरांतून मुंबई-आग्रा रस्ताहि हाच घाट उतरतो. त्या रस्त्यानें जाणाऱ्या मोटारवाल्याला मात्र आपल्या ब्रेकांची आठवण क्वचितच होते. तो निष्काळजी असतो असें नाहीं; त्याच्या वतीनें ती पारख दुसऱ्या कोणीतरी आधींच केलेली असते, एवढेंच.

आतां समजा, एखाद्या हौशी कारागिरानें सुटे भाग गोळा करून घराच्या अंगणांत स्वतःची मोटार उभी केली. तिला हा घाट उतरतां येईल काय? या प्रश्नांत दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. गाडी सुखरूप उतरूं शकेल काय, हा पहिला; तो यंत्रविद्येचा आहे. तिला उतरण्याची परवानगी मिळेल काय, हा दुसरा; तो कायद्याचा आहे. पहिल्याचें उत्तर कारागिराच्या हातांत असतें. दुसऱ्याचें उत्तर आज आपल्या देशांत जवळजवळ नेहमींच नकारार्थी येतें, आणि तें तसें कां येतें हें समजून घेण्याजोगें आहे.

सुट्या भागांच्या संचांतून मोटार जोडणें ही कल्पना मुळींच नवी नाहीं. आपल्याकडील मोटारधंद्याचा पायाच तिच्यावर घातला गेला. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें परदेशांतून आलेले भाग जोडण्याचा कारखाना उघडला. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीनेंहि कुर्ल्यास प्रारंभीं परदेशी भागांचीच जुळणी केली. ज्या महिंद्रा कंपनीचा मोटारींचीं इंजिनें बनविणारा कारखाना इगतपुरीस आहे, तिचा मोटारींशीं संबंध जडला तोहि असाच. १९४९ सालीं विलीज जीपचे ७५ संच सुट्या भागांच्या रूपानें मुंबईस आले आणि माझगांवच्या कारखान्यांत जोडले गेले. इंग्लंडांत तर हें काम कारखान्याबाहेर, सामान्य गृहस्थाच्या घरीं आलें. १९५७ सालीं निघालेली लोटस सेव्हन ही छोटी गाडी संचाच्या रूपांत विकत मिळे. तयार मोटारीवर असलेला खरेदी-कर अशा संचावर नसे, म्हणून अनेक हौशी लोकांनीं ती आपल्या हातानें जोडली.

महाराष्ट्रांत याहूनहि अवघड वाट चोखाळणारा एक कारागीर होऊन गेला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं कोणाचा संच आणला नाहीं. सामान्य माणसाला परवडेल अशी लहान मोटार त्यांनीं स्वतःच कल्पिली आणि घडविली. तिचा पहिला नमुना १९४९ सालचा. पुढें सुधारीत नमुने होत गेले, आणि १९७५ पर्यंत ‘मीरा’ या नांवाची ही मोटार सुमारें १२,००० रुपयांत देतां येईल, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या गाडीला रस्त्यावर फिरण्यासाठीं रीतसर नोंदणी-क्रमांकहि मिळाला होता. अडलें तें पुढच्या पायरीवर. त्या काळीं मोटारींचा कारखाना काढावयाचा तर सरकारचा परवाना लागे. ती मंजुरी हातीं आली नाहीं आणि ‘मीरा’ बाजारांत कधींच आली नाहीं.

यानंतर काळ पालटला. १९९३ सालीं मोटारी बनविण्यासाठीं लागणारा औद्योगिक परवाना रद्द झाला. परंतु एक दार उघडलें तेव्हां दुसरें हळूहळू मिटत आलें होतें. याचा प्रत्यय २०२१ च्या डिसेंबरांत आला. सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रे म्हणून गांव आहे. यशवंतराव चव्हाणांचें जन्मस्थान म्हणून तें सर्वांच्या परिचयाचें. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं मुलाची हौस पुरविण्यासाठीं भंगारांतील भाग जमवून एक छोटी जीप तयार केली. खर्च आला सुमारें ६०,००० रुपये. गाडीचें स्टिअरिंग डाव्या बाजूस होतें आणि तिचें इंजिन दुचाकीसारखें पायानें लाथ मारून सुरू होई. तिचें चित्रण देशभर पाहिलें गेलें. महिंद्रा उद्योगसमूहाचे प्रमुख आनंद महिंद्रा यांनीं लोहारांच्या कल्पकतेची मनापासून प्रशंसा केली. पण ही गाडी नियमांत बसत नसल्यानें अधिकारी ती आज ना उद्यां थांबवितील, हेंहि त्यांनीं सांगून टाकलें आणि तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ही अदलाबदल पार पडली. ज्या कंपनीनें १९४९ सालीं खोक्यांतून आलेल्या भागांची जीप जोडली, तिच्याच घरीं भंगारांतून जोडलेली ही जीप जाऊन पोहोंचली. लोहारांचा गौरव झाला. त्यांच्या गाडीचा रस्ता मात्र बंदच राहिला.

कायदा इतका कठोर कां, याचें निम्में उत्तर इगतपुरीचा घाट देतो. गाडी व माणसें मिळून ६०० किलो वजन धरलें, तर ३०० मीटर खालीं येतांना त्या वजनाची जी शक्ति मोकळी होते, ती साडेपांच लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेशी असते. ही उष्णता कोठें तरी जावयास हवी. वाऱ्याचा व रस्त्याचा विरोध तिचा कांहीं भाग घेतो; खालचा गिअर टाकला तर इंजिनहि कांहीं भाग सोसतें; उरलेली सारी ब्रेकांच्या माथीं येते. दुचाकीचें इंजिन लहान, त्यामुळें त्याचा रोध थोडा. शिवाय गाडीला लावलेले ब्रेक जर तिच्याहून हलक्या वाहनाचे असले, तर ते तापतात, त्यांची पकड सैल होते, आणि हें घडतें तें नेमकें अर्ध्या घाटांत, मागें एखादा मालट्रक असतांना. वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबविण्यासाठीं चौपट शक्ति खर्चावी लागते, हा नियमहि तेथें सवलत देत नाहीं. गांवच्या सपाट रस्त्यावर वर्षभर विनातक्रार धांवलेली गाडी म्हणूनच घाटाच्या परीक्षेस उतरेल असें नाहीं. वेल्डिंगचा सांधा, स्टिअरिंगचा दांडा, चाकाचे नट यांची गोष्ट याच प्रकारची आहे. त्यांतील दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. तो हादऱ्यांनीं आणि काळानें बाहेर पडतो.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग जबाबदारीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ३९ व्या कलमानें नोंदणीवांचून कोणतेंहि मोटारवाहन सार्वजनिक जागीं चालवितां येत नाहीं. ही नोंदणी, जिला लोक ‘पासिंग’ म्हणतात, ती प्रादेशिक परिवहन कार्यालयांत होते. अर्जाचा नमुना क्रमांक २०. त्याबरोबर नमुना २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि नमुना २२ म्हणजे गाडी रस्त्यास योग्य असल्याचा दाखला जोडावा लागतो. आणि हा नमुना २२ गाडीचा निर्माता देतो. त्यास तो देण्याचा अधिकार केव्हां येतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२६ व्या नियमाप्रमाणें त्यानें आपल्या गाडीचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घेतला म्हणजे. अशा संस्थांपैकीं एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यास आहे; १९६६ पासून ती काम करीत आहे. तेथें ब्रेक, दिवे, आरसे, आवाज, धूर अशा अनेक गोष्टींची मोजणी होते. १ एप्रिल २०२० पासून धुराची मर्यादा ‘भारत स्टेज सहा’ या कडक मापाची झाली. जुन्या दुचाकीचें इंजिन त्या मापांत बसणें कठीण. तसेंच १ ऑक्टोबर २०१९ पासून देशांत बनणाऱ्या सर्व प्रवासी मोटारींच्या नमुन्यांस समोरून व बाजूनें होणाऱ्या टकरीची चांचणी सक्तीची झाली. या चांचणींत गाडी मुद्दाम आदळून तिचा चुराडा करतात. ज्या कारखान्याला पुढें हजारों गाड्या काढावयाच्या आहेत, त्याला एका गाडीचा बळी देणें परवडतें. ज्या कारागिरापाशीं एकच गाडी आहे, तो ती चांचणीस देईल, तर नोंदणीसाठीं न्यावयास त्याच्याजवळ कांहीं उरणार नाहीं! अडचणीचें मर्म येथें आहे. नियम वाईट नाहींत. ते ‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ कारखाना असा धरून लिहिलेले आहेत, आणि एकट्या कारागिराची त्यांत गणतीच नाहीं.

मग नोंदलेली जुनी गाडी घेऊन तिचेंच रूप बदलावें, अशी पळवाट कित्येकांना सुचते. तीहि बंद आहे. कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्यांत लिहिलेला तपशील निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेले भाग बसवून फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. याहून मोठी गोष्ट विम्याची. नोंदणी नसलेल्या गाडीला विमा मिळत नाहीं. आणि अशा गाडीनें एखाद्या पायीं जाणाऱ्याला धक्का दिला, तर त्याच्या कुटुंबाला भरपाई देणारी विमा-कंपनी उरत नाहीं. गाडी घडविणाऱ्यानें धोका स्वखुशीनें पत्करलेला असतो. रस्त्यावरच्या परक्या माणसानें तो पत्करलेला नसतो.

तरीहि कायद्यानें कांहीं फटी जाणूनबुजून ठेवल्या आहेत. मंजूर झालेला सी.एन.जी.चा संच अधिकृत कारखान्यांत बसवून त्याची नोंद दाखल्यांत करून घेतां येते; पेट्रोलची गाडी विजेवर चालविण्याचे संचहि याच रीतीनें तपासून मंजूर होतात. अपंग चालकाच्या सोयीसाठीं गाडींत करावयाच्या बदलांना परवानगी मिळते. रंग बदलावयाचा झाल्यास तोहि नोंदणी-अधिकाऱ्यास कळवून दाखल्यांत लिहवून घ्यावा लागतो. या सर्वांमागील सूत्र एकच: बदल आधीं तपासला जावा, मग लिहिला जावा, आणि त्याला कोणीतरी उत्तरदायी असावें. ज्यांना समग्र गाडीच घडवावयाची आहे, त्यांस बंदिस्त मैदान मोकळें आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी २००७ सालापासून ‘बाहा’ स्पर्धेसाठीं स्वतः गाड्या बांधीत आले आहेत. त्या सार्वजनिक रस्त्यावर न धांवतां राखीव मैदानावर धांवतात, आणि धांवण्यापूर्वीं त्यांचे ब्रेक कसून पारखले जातात.

इंग्लंडांत मात्र एकट्या कारागिरासाठीं वेगळें दार आहे. तेथें २००९ पासून एकेका गाडीला स्वतंत्र मंजुरी देण्याची पद्धति आहे. मालक आपण जोडलेली गाडी सरकारी तपासणी-केंद्रावर नेतो. परीक्षक तिचा चुराडा न करतां ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, पट्टे, आसनें आणि बाहेर आलेल्या धारदार कडा तपासतो. दोष निघाला तर तो लिहून देतो. मालक दुरुस्त करून पुन्हां येतो. मंजुरी मिळाली कीं गाडीला नंबर मिळतो. या पद्धतींत कायदा सैल झालेला नाहीं. तेथें परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते, परंतु एका गाडीची परीक्षा एका गाडीच्या मापाची ठेविली आहे.

आपल्याकडे उणीव आहे ती एवढीच. कारागिरांची वाण आपल्याला कधींच पडली नाहीं. इचलकरंजी आणि देवराष्ट्रे हीं नांवें त्याची साक्ष देतात. १९७५ सालीं शंकररावांजवळ नंबर होता, परवाना नव्हता. २०२२ सालीं लोहारांना परवान्याची गरजच नव्हती, पण नंबर मिळणें शक्य नव्हतें. कौतुक म्हणून नियमांतून सूट द्यावी, असें कोणीहि जाणता माणूस म्हणणार नाहीं, कारण घाट कोणाला सूट देत नाहीं. मागणी करावयाची ती परीक्षेची. घरीं घडविलेल्या गाडीला तिच्या मापाची कठोर परीक्षा मिळावी, त्यांत ती नापास झाली तर कां झाली हें घडविणाऱ्यास कळावें, आणि उत्तीर्ण झाली तर तिला नंबर मिळावा. इगतपुरीस रेल्वे प्रत्येक गाडीला हेंच विचारते कीं तुझे ब्रेक धरतात काय. ती कोणत्या कारखान्यांत घडली, हें घाटाच्या तोंडाशीं कोणी विचारीत नाहीं.