पहिला रुपया खर्चाच्या वहीवर

वांद्रे पूर्वेला उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर निवडणुकीच्या दिवसांत काळे कोट वाढतात. बघणाऱ्याला वाटतं, निवडणुकीचा वकील म्हणजे निकालानंतर याचिका घेऊन हायकोर्टात गरजणारा माणूस. प्रत्यक्षात त्याचं बरंचसं काम निकालाआधीच उरकतं आणि त्यात गर्जनेपेक्षा बिलंच जास्त असतात.

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उमेदवाराला खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. मग रोज वही भरायची: मंडप, खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा, कार्यकर्त्यांचा चहा-वडापाव. दर मनाचे चालत नाहीत, ते जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाशी ताडले जातात. शिवाय निवडणूक यंत्रणा स्वतःची समांतर वही ठेवते आणि प्रचारात किमान तीनदा दोन्ही जुळवून पाहते. बिल शंभर खुर्च्यांचं आणि यंत्रणेच्या व्हिडिओत पाचशे, अशा वेळी वक्तृत्व काय कामाचं?

खर्चाची मर्यादा सगळ्यांनाच असते, हाही गैरसमजच. महाराष्ट्रात 2022पासून विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाला मर्यादाच नाही. यादीतल्या स्टार प्रचारकाचा प्रवास पक्षाच्या नावावर जातो, पण त्याच्या मंचावर उमेदवार चढला की सभेचा खर्च उमेदवाराकडे येतो. ही वाटणी चोख करणं, हेच माझ्या मते या वकिलीतलं खरं कसब.

‘हरलो, आता हिशेब कसला?’ हरलेल्यालाही निकालापासून 30 दिवसांत तो द्यावाच लागतो. न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. जिंकलेलाही सुटत नाही. भोकरच्या 2009च्या निवडणुकीतल्या ‘पेड न्यूज’वरून अशोक चव्हाणांचं प्रकरण पाच वर्षं चाललं. हिशेब खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने त्यातच दिला. पुढे 2014मध्ये चव्हाणांविरुद्धचा आयोगाचा आदेश दिल्ली हायकोर्टाने रद्द केला.

निकालाला आव्हान देणारी याचिका फक्त पडलेला उमेदवारच करतो असं नाही, मतदारसंघातला मतदारही करू शकतो. अनामत 2,000 रुपये, मुदत 45 दिवस. शेहेचाळिसाव्या दिवशी कितीही भक्कम पुरावा नेला तरी दार बंद. मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला तर मुदत अवघी 10 दिवस, आणि जायचं लघुवाद न्यायालयात.

या वकिलीसाठी वेगळी सनद लागत नाही, नेहमीचीच पुरते. आणि उमेदवारांचे हिशेब गुप्त नसतात: विधानसभा-लोकसभेच्या कुठल्याही उमेदवाराचा दाखल झालेला हिशेब नियमाप्रमाणे एक रुपया भरून कोणालाही पाहता येतो. या वकिलीत यायचं असेल, तर पहिला रुपया तिथे खर्च करा.